स्टार वॉर्समधल्या ऑफिसरचा युनिफॉर्म: हात वर केला की ट्युनिक वर चढतो, आणि रंगाचं काय करू?

अवकाशवेडा

नमस्कार मंडळी,

१९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्समधला इम्पीरियल ऑफिसरचा युनिफॉर्म बनवायला घेतलाय. हिरवट राखाडी ट्युनिक (बंद गळ्याचा लष्करी कोट), मांडीला फुगलेली आणि गुडघ्याखाली पायाला चिकटलेली ब्रीचेस, उंच काळे बूट, काळा पट्टा, पुढे धातूची चकती असलेली टोपी, डाव्या छातीवर रंगीत चौकोनांची रँकची पट्टी आणि खांद्याखालच्या चिंचोळ्या खिशात खोचलेल्या त्या चंदेरी नळ्या, कोड सिलिंडर म्हणतात त्या. लांबून ओळखू आलं की झालं असं मला नकोय, जवळ येऊन बघणाऱ्यालाही पटलं पाहिजे. पुढेमागे ५०१ लीजनकडे (स्टार वॉर्सचे पोशाख करणाऱ्या चाहत्यांची संघटना) मंजुरीसाठी फोटो पाठवायचेत म्हणून आत्तापासूनच नीट करतोय.

अडलंय ते असं. एक तर रंग. एका फोटोत ट्युनिक चक्क शेवाळी दिसतो, दुसऱ्यात राखाडी, आणि एका ठिकाणी तपकिरीकडे झुकलेला. कापडाचे नमुने आणून ठेवलेत पण कुठला बरोबर हे ठरवायचं कशावरून तेच कळत नाहीये.

दुसरं फिटिंग. आधी मांजरपाटाचा कच्चा ट्युनिक शिवून बघितला. हात खाली असताना बरा दिसतो पण हात पुढे किंवा वर नेला की अख्खा ट्युनिक वर चढतो, पट्ट्याच्या वर फुगा येतो आणि हात खाली आणला तरी तो जागेवर परत बसत नाही, सारखा खाली ओढायला लागतो. शिवाय कॉलरच्या मागे, मानेखाली एक आडवी जाड चुणी पडते ती काही केल्या जात नाही. सिनेमात या लोकांच्या अंगावर ट्युनिक कसा ताठ आणि सपाट बसलाय, मला तेच हवंय.

तिसरं, रँकची पट्टी आणि बक्कल यांची मापं फोटोवरून कशी काढायची? आणि माझा बांधा त्या नटांपेक्षा आडवा आहे, तर सगळं त्या प्रमाणात मोठं करायचं की मूळ मापातच ठेवायचं?

ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज, वाचायची पूर्ण तयारी आहे.

---

जुनी_रीळं

रंगाबद्दल मी सांगतो, फिटिंगवर इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

पडद्यावरचा रंग हा कापडाचा रंग नसतो हे आधी मनात पक्कं करा. तो सिनेमा मुख्यतः इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत शूट झाला, त्या काळी स्टुडिओत टंगस्टनचे दिवे, ज्यांचा प्रकाश ३२०० केल्विनच्या आसपास म्हणजे पिवळसर, त्यात ती फिल्म, मग तिच्या प्रिंट, आणि नंतर १९९७ ची स्पेशल एडिशन, २००४ ची डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे, प्रत्येक वेळी रंग नव्याने जुळवले गेलेत. तुम्ही शेवाळी आणि राखाडी म्हणताय ते एकाच कापडाचे फोटो असू शकतात, वेगवेगळ्या आवृत्त्यांमधले. स्क्रीनशॉटवर रंग उचलायचं टूल लावून जो आकडा येतो त्यावर कापड घ्यायला जाऊ नका, त्याला काही अर्थ नाही.

मग बघायचं कशावर, तर प्रदर्शनात ठेवलेल्या मूळ पोशाखांचे फोटो शोधा, फ्लॅशशिवाय काढलेले. आणि फोटोत ट्युनिकचा रंग एकटा बघू नका, त्याच्या शेजारचा काळा पट्टा आणि चेहऱ्याची कातडी बघा. काळा पट्टा हिरवट दिसत असेल तर अख्खा फोटोच हिरवा झालाय हे उघड आहे. पट्टा जिथे खरोखर काळा आणि कातडी कातडीसारखी दिसते तिथला ट्युनिकचा रंग त्यातल्या त्यात विश्वासाचा.

नमुने निवडताना अजून एक. दोन कापडं दिवसाच्या उजेडात तंतोतंत सारखी दिसतात आणि दिव्याखाली एक हिरवं, एक तपकिरी होतं, रंग वेगवेगळे डाय मिसळून केलेला असतो म्हणून असं होतं. त्यामुळे नमुना खिडकीत बघा, पिवळ्या बल्बखाली बघा, पांढऱ्या एलईडीखाली बघा, तिन्हीकडे हिरवट राखाडी राहतो तोच घ्या. राखाडीत हिरव्याची झाक हवी, हिरव्यात राखाडीची नको, माझं मत असं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "इम्पीरियल ऑफिसर" असा मोघम युनिफॉर्म बनवू नका. एक पात्र निवडा, एक प्रसंग निवडा आणि त्यालाच धरून राहा. त्या एका सिनेमातसुद्धा नळ्यांची संख्या माणसागणिक बदलते, रँकच्या पट्ट्यांनाही एकच एक तर्क लागत नाही, आणि १९८० च्या पुढच्या स्टार वॉर्स सिनेमातलं काही यात घेतलंत की घोळ झालाच म्हणून समजा. संदर्भ म्हणून गोळा केलेल्या फोटोंत काही उलटे छापलेले असतात, आरशातल्यासारखे, त्यात बंद करायची बाजूही उलटी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे, रँकची पट्टी घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असायला हवी, उजवीकडे दिसली की फोटो बाजूला ठेवा किंवा फिरवून घ्या.

जाता जाता, हे कपडे जॉन मोलोने डिझाइन केलेत. तो मुळात लष्करी गणवेशांचा अभ्यासक, म्हणून हा पोशाख खऱ्या सैन्याचा वाटतो, ब्रीचेस आणि उंच बूट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या युरोपियन सैन्यांची आठवण करून देतात. त्याला या कामाचं ऑस्कर मिळालं, आणि पुढे "गांधी"साठी आपल्या भानू अथैय्यांना जे ऑस्कर मिळालं ते मोलोबरोबर विभागून होतं. मला हे फार आवडतं. तुमच्या कामाचं त्यात एवढंच की हा गणवेश लष्करी टेलरिंगच्या पद्धतीनेच शिवायला हवा, नाटकाच्या कपड्यांसारखा शिवला तर तो कितीही अचूक रंगाचा असला तरी उभा राहत नाही.

---

सुईदोरा

वरच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. लोक आधी बॅज आणि नळ्यांच्या मागे लागतात आणि ट्युनिक कसातरी शिवून घेतात. खरं तर लांबून आणि जवळून आधी दिसते ती आकृती, खांदा, कॉलर, कंबर. ती बसली की साधा प्लास्टिकचा बॅजसुद्धा खपून जातो, ती नसेल तर धातूचा बॅजही वाया.

तुम्ही मांजरपाटावर ट्रायल घेतलीत हे उत्तम केलंत, आता त्यावरच सगळं सोडवा, खऱ्या कापडाला कात्री लावायची घाई नको.

हात वर केला की ट्युनिक चढतो कारण मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, खोल आहे. बहुतेकांना वाटतं हात अडकतोय म्हणजे मुंढा अजून मोठा करावा, आणि ते मुंढा अजून खाली कापतात आणि त्रास वाढतो. होतं असं की मुंढा काखेपासून जितका खाली तितकी बाही कुशीच्या शिवणीला खाली जोडलेली, म्हणजे हात उचलला की बाही ती अख्खी कूस वर ओढते. मुंढा काखेजवळ असेल तर हात फिरतो आणि अंग जागेवर राहतं. तुमच्या मांजरपाटाच्या ट्युनिकला काखेत एक तुकडा जोडून मुंढा वर आणा, काखेखाली साधारण २ सेंमी मोकळं राहील इतपत, आणि बाहीचाही खालचा भाग तेवढाच वर भरा नाहीतर बाही मुंढ्यात बसणार नाही. घालताना पहिल्यांदा घट्ट वाटेल, तो घट्टपणा नाही, सवय नाही म्हणून वाटतं. मग हात पुढे करा, सलाम ठोका, खुर्चीत बसून उठा. तरी चढत असेल तर काखेत एक छोटा चौकोनी जोड घालता येतो, हात खाली असताना तो दिसतही नाही.

आता ती मानेखालची आडवी चुणी. ती जवळजवळ नेहमी एकाच कारणाने पडते, तुमचे खांदे पॅटर्नपेक्षा सरळ आहेत, उतार कमी आहे. खांद्याचं बाहेरचं टोक कापड वर उचलतं आणि जादा कापड मानेपाशी साठतं. खांद्यात पॅड घालणार असाल तर ते घालूनच ट्रायल घ्या कारण पॅडने खांदा अजून सरळ होतो आणि चुणी वाढते. दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करा (हे एकट्याने होत नाही), त्यांनी ती चुणी चिमटीत धरून आडव्या टाचण्या लावायच्या, किती कापड चिमटीत आलं ते मोजायचं. समजा १ सेंमी आलं, तर पाठीच्या तुकड्यावर गळ्याचा मध्य १ सेंमी खाली घ्या, खांद्याचं गळ्याकडचं टोक पण खाली घ्या, आणि खांद्याचं बाहेरचं टोक जिथे आहे तिथेच ठेवा. उतार कमी झाला. पुढच्या तुकड्यालाही खांद्याचं गळ्याकडचं टोक थोडं खाली घ्यावं लागेल. याने गळ्याचा घेर बदलतो, म्हणून कॉलर आता परत मोजून कापायची, जुनी कॉलर वापरायची नाही.

एक नियम लक्षात ठेवला की निम्मं फिटिंग जमतं. तिरक्या चुण्या नेहमी जिथे ताण आहे तिकडे बोट दाखवतात. काखेकडून मानेकडे जाणारी तिरकी चुणी म्हणजे मानेपाशी ओढ आणि खांद्याच्या टोकाला सैल, पोटाकडे जमणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे तिथे घेर कमी.

तुमचा बांधा आडवा आहे म्हणता, तर घेर वाढवताना सगळा कुशीच्या शिवणीत घालू नका, त्याने बाजू पंख्यासारखी फाकते. थोडा कुशीत, थोडा पाठीच्या मधल्या शिवणीत, आणि पोटासाठी पुढच्या तुकड्याच्या मधल्या रेषेला अगदी बारीक बाक. आणि माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) भरपूर सोडा, कुशीत आणि पाठीच्या मध्ये ३ सेंमी तरी, पुढे वजन कमीजास्त झालं तर उसवून सैल करता येतं.

ट्रायल घेताना पायात तेच बूट, अंगात तोच आतला बनियन, कमरेला तोच पट्टा. बुटाला टाच असते, टाचेने उभं राहणं बदलतं, छाती किंचित पुढे येते, पाठीची लांबी बदलते. चपला घालून घेतलेली ट्रायल फसवते.

---

अवकाशवेडा

सुईदोरा ताई, मनापासून आभार. चुणी टाचून बघितली आणि गळा उतरवल्यावर ती गायब झाली, खरंच. मुंढा वर आणला तेव्हा काखेत वेगळंच वाटलं पण हात वर नेला तर ट्युनिक हललासुद्धा नाही.

कापड कुठलं घेऊ ते कुणी सांगेल का? लोकरीचं गॅबर्डीन मिळतंय पण उकाड्याचा विचार करून पॉलिएस्टर मिश्र कापडाकडे मन जातंय. आणि बॅजच्या मापांचं अजून राहिलंय.

---

पत्रा_आणि_पॉलिश

मापांचं मी सांगतो, माझं सगळं काम धातूचं आणि प्रिंटचं.

फोटोवरून माप काढायला एक ओळखीचं माप लागतं. मी डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर धरतो, मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं. समोरून काढलेला फोटो घ्यायचा, त्यात हे अंतर किती पिक्सेल आहे बघायचं, बॅज किती पिक्सेल आहे बघायचं, बाकी त्रैराशिक. पण फोटो अगदी समोरून हवा आणि चेहरा नि छाती कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर हवेत. जवळून वाइड लेन्सने काढलेला फोटो घेतलात तर जे पुढे आहे ते मोठं दिसतं आणि सगळी मापं चुकतात. वेगवेगळ्या फोटोंतून तीच गोष्ट मोजा, आकडे जवळजवळ आले तरच धरा. माणसागणिक ते ६३ मिमीसुद्धा थोडं बदलतं, म्हणून निघालेलं माप दोनेक मिलिमीटर इकडेतिकडे समजायचं.

मग लगेच बनवू नका. पुठ्ठ्यातून त्या मापाचा बॅज कापा, एक थोडा मोठा, एक थोडा लहान असेही कापा, मांजरपाटाच्या ट्युनिकवर लावून ३-४ मीटर लांब उभं राहून झूम करून फोटो काढा आणि सिनेमातल्या फोटोशेजारी ठेवा. डोळा लगेच सांगतो. मोबाइल हातात धरून स्वतःचा फोटो काढून तुलना करू नका, त्या अंतरावरून छाती आणि बॅज दोन्हीचा आकार बिघडतो.

आता तुमचा खरा प्रश्न, अंगाप्रमाणे मोठं करायचं का. धातूच्या वस्तू मूळ मापातच ठेवा, बॅज, बक्कल, टोपीची चकती, नळ्या. सैन्यात हे सगळ्यांना एकच मिळतं, जाड माणसाला मोठा बॅज देत नाहीत. मंजुरी देणारेही हेच बघतात. पट्ट्याची रुंदीही तीच.

नळ्या लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या सगळ्यात सुंदर दिसतात पण जड असतात, खिसा खाली ओढतात, त्या घेतल्यात तर खिशाच्या आतून कॅनव्हासचा तुकडा लावायला सांगा. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर लेअरच्या रेघा घालवण्यातच सगळं कौशल्य आहे. आधी २२० चा पॉलिश पेपर, मग फिलर प्रायमर, मग ४०० पाण्यात भिजवून, परत प्रायमर, मग ८००. चंदेरी क्रोम रंग द्यायचा असेल तर त्याच्या खाली ग्लॉस काळा थर द्या, काळ्यावर चकाकी खोल दिसते, राखाडी प्रायमरवर ती नुसती राखेसारखी होते. आणि पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) प्रिंट केलेलं उन्हात बंद गाडीत ठेवू नका, साधारण ६० अंशांना ते मऊ पडतं आणि वाकतं. एबीएस हे दुसरं प्लास्टिक साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं, पण प्रिंट करायला कटकटीचं.

बॅज लावायला पिन नको, लोकरीला भोकं पडतात आणि बॅज एका बाजूला झुकतो. आतून निओडिमियमचे दोन मॅग्नेट लावा, एक लावलात तर बॅज गोल फिरतो. जाड कापड आणि त्यामागे अस्तर असेल तर पकड फार कमी होते, त्या जागी अस्तर आणि कापडाच्या मध्येच एक पातळ लोखंडी पट्टी शिवून घेतली तर उत्तम. पेसमेकर असणाऱ्यांनी मात्र मॅग्नेट छातीजवळ आणायचेच नाहीत, त्यांनी टिचबटणं लावावीत.

---

सुईदोरा

पत्रा, बॅज आणि बक्कल मूळ मापात हे मान्य. पण त्यांची जागा अंगाप्रमाणेच ठरवायला हवी, ते तुमच्या बोलण्यात राहिलं. सिनेमातल्या उंच सडपातळ माणसाचा बॅज खांद्यापासून इतक्या सेंटिमीटरवर म्हणून आखूड धडाच्या माणसाने तेच सेंटिमीटर धरले तर बॅज पोटाकडे सरकतो आणि सगळा तोल जातो. कॉलरचा खालचा काठ ते पट्ट्याचा वरचा काठ हे अंतर मोजायचं, मूळ फोटोत बॅज त्याच्या कितव्या भागात आहे ते बघायचं आणि आपल्या अंगावर त्याच भागात लावायचा. खिशांचंही तसंच, ट्युनिकच्या लांबीचंही तसंच.

अवकाशवेडा, कापड लोकरीचंच घ्या, नाहीतर ज्यात निम्म्याहून जास्त लोकर आहे असं. साधारण ३०० ग्रॅम दर चौरस मीटर वजनाचं, त्याहून हलकं घेतलंत तर पुढची बाजू लोंबते. निव्वळ पॉलिएस्टर दिव्याखाली आणि फ्लॅशमध्ये चकाकतं, प्रत्येक शिवण फुगलेली दिसते कारण ते इस्त्रीला दाद देत नाही. लोकरीला वाफ दिली की ती वळते, आक्रसते, हवा तो आकार घेते, बाहीचा वरचा गोल मुंढ्यात एकही चुणी न पडता बसतो तो याच गुणामुळे. उकाड्याचं म्हणाल तर लोकरीतून हवा जाते आणि घाम शोषला जातो, पॉलिएस्टरमध्ये तुम्ही जास्त उकडाल.

कापायच्या आधी अख्ख्या कापडावरून वाफ फिरवून ते सुकू द्या, आटायचं तेवढं आधीच आटू दे. सगळे तुकडे उभ्या धाग्यात आणि एकाच दिशेने कापा, गॅबर्डीनला तिरकी वीण असते, एक तुकडा उलटा कापला गेला तर उजेडात तो वेगळ्या छटेचा दिसतो.

---

काळे_बूट

कमरेखालचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, मी हा पोशाख घालून बरेच तास उभी राहिलेय.

ब्रीचेसचा फुगा चुण्या घालून आणायचा नसतो, बाहेरच्या शिवणीच्या बाकातून यायला हवा. चुण्या घातल्यात की सलवारीसारखी पडते, मूळ आकार बाजूने कोरल्यासारखा दिसतो. कापड त्या बाकाला उभं राहत नसेल तर आतून बाहेरच्या शिवणीलगत कॅनव्हासची पट्टी लावा. गुडघ्याखाली मात्र अगदी घट्ट, तिथे कापड जास्त राहिलं की बुटात गोळा होतं आणि पोटरीला रुततं. पायात घालता यावी म्हणून आतल्या बाजूने चेन किंवा वेल्क्रो, बुटाच्या आत जातं त्यामुळे काहीही चालतं. तळपायाखालून इलॅस्टिकची पट्टी जरूर लावा नाहीतर बसून उठलं की ब्रीचेस वर सरकते. गुडघा वाकवून, उकिडवं बसून ट्रायल घ्या, उभ्याने सगळंच बरोबर बसतं.

बूट साधे, लेस नाही, बक्कल नाही. पोटरीचं माप ब्रीचेस घालून आणि संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतात. नवे चामड्याचे बूट घोट्यापाशी चुण्या पडून १-२ सेंमी खाली बसतात, म्हणून नवे असताना गुडघ्यामागे किंचित टोचतील इतके उंच असले तरी चालतं, आत्ताच बरोबर उंचीचे घेतलेत तर थोड्या दिवसांनी आखूड दिसतील. बूट आधी मिळवा, ब्रीचेस नंतर शिवा, हा क्रम पाळाच.

पट्ट्याचं पण सांगते. त्याची लांबी सगळे थर घालून, ट्युनिकवरून मोजायची. आणि तो दिवसभरात खाली घसरतो, बक्कल जड असली की पुढून जास्तच. जुन्या लष्करी ट्युनिकना कुशीत धातूचे आकडे असायचे ज्यावर पट्टा टेकायचा, तसे दोन छोटे आकडे कुशीच्या शिवणीतून काळ्या पट्ट्याच्या मागे लपतील असे काढून घ्या, आतून त्यांना मजबूत फीत शिवून. मग पट्टा हलत नाही आणि तुम्हाला सारखं खेचावं लागत नाही. सारखा कपडे सावरणारा ऑफिसर बघायला बरा वाटत नाही.

खऱ्या सैन्याची पदकं, बिल्ले असलं काहीही यावर लावू नका. बऱ्याच देशांत ते कायद्यात बसत नाही, आणि ज्यांनी ते कमावलेत त्यांचा मानही राखला पाहिजे.

---

अवकाशवेडा

काळे_बूट ताई, आकड्यांची युक्ती फार आवडली, हेच हवं होतं. बूट आधी हे पण पटलं, ब्रीचेसचं कापड बेतायला घेतलं होतं ते थांबवतो.

जुनी_रीळं, तिन्ही दिव्यांखाली बघितल्यावर एकच नमुना टिकला, त्याचं लोकरीचं प्रमाणही चांगलं आहे, तोच पक्का केला. पात्रही एक ठरवलंय.

आता शेवटची शंका. कॉलर. मांजरपाटावर बकरम (ताठ करायचं कडक कापड) लावून केली तर ताठ झाली पण मानेला पुठ्ठ्यासारखी उभी राहते, गोलाईत बसत नाही, आणि पुढची टोकं एकमेकांना भिडायच्या ऐवजी एकावर एक चढतात.

---

सुईदोरा

बकरम उभ्या धाग्यात कापलंत म्हणून तसं होतंय. कॉलरच्या आतला कॅनव्हास उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापा, म्हणजे तो ताठही राहतो आणि मानेभोवती वळतोही. कॉलरही अगदी सरळ पट्टी नको, खालचा काठ पुढच्या टोकांकडे १ ते १.५ सेंमी वर उचललेला हवा, त्याने वरचा घेर खालच्यापेक्षा थोडा कमी होतो आणि कॉलर मानेलगत आत झुकते. सरळ पट्टी मानेपासून लांब उभी राहते, तुमचं तेच झालंय.

टोकं एकावर एक चढतात म्हणजे कॉलर गळ्यापेक्षा लांब आहे. गळा उतरवलात तेव्हा घेर बदलला, आता टेप उभा धरून गळ्याच्या शिवणीच्या रेषेवरून मोजा, कापलेल्या काठावरून नको. ट्युनिक घालून बटणं लावल्यावर मान आणि कॉलरमध्ये दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. टोकांची टीप मारताना शेवटचा टाका टोकात न मारता टोकाला एक आडवा टाका घेऊन वळा, उलटल्यावर कोपरा स्वच्छ निघतो. आतली माया पायरीपायरीने कापा, एक थर ३ मिमी, दुसरा ६ मिमी, नाहीतर काठावर जाड वळ उमटतो आणि तो फोटोत हमखास दिसतो. बंद करायला आतून दोन हुक, एक वर एक खाली, एकच लावलात तर वरची टोकं फाकतात.

इस्त्री ओल्या कापडावरून करा, लोकरीला थेट लावलीत तर चकाकी येते आणि ती जात नाही. वाफ दिल्यावर काठावर एक सपाट लाकडाचा तुकडा दाबून थंड होईपर्यंत धरा, मगच हलवा, गरम असताना उचललंत तर काठ परत फुगतो. प्रत्येक शिवण शिवली की लगेच अशी दाबायची, सगळं झाल्यावर शेवटी एकदा इस्त्री करून ते साधत नाही, अस्तर लागलं की आतल्या शिवणींपर्यंत पोचताच येत नाही.

काखेत आतून सुती पॅड कच्च्या टाक्यांनी लावा, घालून झाल्यावर काढून धुवायचे, ट्युनिक दरवेळी धुवायची गरज पडणार नाही. कॉलर झाली की मागून आणि बाजूने फोटो टाका, समोरून नको, कॉलर कशी बसलीये ते बाजूनेच कळतं.